अर्जाची पोच : इंग्लंडच्या शाळेत लेकराला रंगावरून त्रास होतो तेव्हा

जून महिन्यात, बाहेर चांगलं कडक ऊन पडलेलं असताना, आमच्या चिऊने शाळेचा लोकरी कार्डिगन अंगातून काढणं बंद केलं. स्पोर्ट्‌स डेलासुद्धा धावली ती कार्डिगन घालूनच, घामाने निथळत. मला वाटलं, असेल काहीतरी खूळ. आठ वर्षांच्या मुलींचं काही सांगता येत नाही. दोन आठवड्यांनी, रविवारी डोक्याला तेल लावत होते, ती माझ्याकडे पाठ करून बसली होती, तेव्हा तिने विचारलं, "आई, रबराने घासलं तर रंग जातो का गं?"

वर्गातल्या दोन मुलांनी तिच्या हातावर खोडरबर घासून पाहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत, आणि एकदा नाही, बऱ्याचदा. बाकीचे हसत होते. एकाने तिच्या कातडीची तुलना कशाशी केली ते इथे लिहीत नाही, पण वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट.

पुढच्या चार महिन्यांत मी जे केलं, जे चुकलं आणि जे उशिरा कळलं, ते क्रमाने सांगते. मी वकील नाही, शिक्षिकाही नाही. कायद्याच्या गोष्टी इंग्लंडपुरत्या आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे, तिथे राहणाऱ्यांनी पायऱ्या घ्याव्यात, कलमं घेऊ नयेत.

आधी घरात

पहिल्या रात्री मी तीन चुका केल्या. "दुर्लक्ष कर, आपोआप थांबतील," म्हणाले. मग, "तू त्यांना काही बोलली होतीस का?" असं विचारलं. आणि तिसरी, तिच्यासमोरच नवऱ्याला म्हणाले, "उद्या जाऊन त्या पोराच्या आईला बघतेच." पहिल्या वाक्यातून मुलीला कळलं की हे सहन करायचं असतं, दुसऱ्यातून कळलं की दोष तिचा असू शकतो आणि तिसऱ्यातून कळलं की आईला सांगितलं की घरात आग लागते. पुढचे तीन दिवस ती एक शब्द बोलली नाही.

मुलं समोरासमोर बसवून बोलत नाहीत. तेल लावताना, गाडीत मागच्या सीटवरून, भाजी निवडताना बोलतात, म्हणजे नजरेला नजर द्यावी लागत नाही तेव्हा. अशा वेळी आपण दोनच प्रश्न विचारायचे, "मग काय झालं?" आणि "तेव्हा कोण होतं तिथे?" "त्याने तुला मारलं का?" असे उत्तर आधीच आत घातलेले प्रश्न नकोत. मूल आपल्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतं आणि नंतर शाळेत तीच गोष्ट थोडी वेगळी सांगितली की शाळा म्हणते, बघा, मुलगी गोष्ट बदलते. ऐकून झाल्यावर, सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझं काही चुकलं नाही आणि पुढे काय करायचं ते मी तुला आधी सांगून करीन, एवढं बोलायचं. हे शेवटचं पाळायचंच. चिऊला न विचारता मी एकदा फाटकावर शिक्षिकेला गाठलं, तर संध्याकाळी मला रडून म्हणाली, "आता मी चुगलीखोर झाले."

आता जरा अवघड जागेचं दुखणं. त्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर आमच्या आई म्हणाल्या, "म्हणून तर सांगत होते, उन्हात खेळू नकोस, किती रापलीये बघ." त्या वाईट नाहीत, नातीवर जीव आहे. पण चिऊचा चेहरा मी पाहिला. खोडरबरवाल्या पोरांचं आणि आजीचं म्हणणं तिच्या लेखी एकच होतं. आपल्याकडे डाळीचं पीठ आणि साय, "रंगाने डावी आहे पण नाकीडोळी नीटस", स्थळाच्या पत्रिकेतली "गोरी, सुस्वरूप", हे सगळं आपण डब्यात बांधून इथे आणलेलं असतं. फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं, घरोघरच्या जिभा मात्र तशाच राहिल्या. शाळेशी भांडायच्या आधी मी आईंना फोन करून सांगितलं की रंगाविषयी चिऊसमोर एक अक्षर नको. त्या दोन दिवस रुसल्या. मग स्वतःच विचारलं, "माझ्या बोलण्याने का घालते गं ती स्वेटर?"

अशीच दुसरी चूक बऱ्याच घरांत होते. मुलाला पाकिस्तानी म्हणून जी शिवी दिली जाते, इथे तिला पी-वर्ड म्हणतात, ती खाऊन मूल घरी आलं की आपण म्हणतो, "सांग त्यांना, आपण पाकिस्तानी नाही, इंडियन आहोत." म्हणजे शिवी योग्य, फक्त पत्ता चुकला! तेच वर्गातल्या पाकिस्तानी पोरालाही ऐकावं लागतं. आपण कोण आहोत हे मुलाला जरूर सांगावं, पण शिवीला उत्तर म्हणून नव्हे.

वही

ही गोष्ट मला अमरावतीकडच्या एका मैत्रिणीने शिकवली. ती म्हणाली, "तुम्हा लोकांना हे पहिल्यांदाच कळतंय. आमच्या घरी आजोबांपासून रीत आहे, कुणी अपमान केला की आधी तारीख लिहायची, मग रडायचं." शाळेत जातीवरून वेगळं बसवलेल्या आजोबांची ती नात. त्यावर मी काही बोलू शकले नाही. वही मात्र त्याच दिवशी आणली.

वहीत प्रत्येक प्रसंगाला एक पान द्यावं. वार, तारीख, वेळ, जागा (मैदान, रांग, कपडे बदलायची खोली, बस), कोण होतं, कोणी पाहिलं. मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, इंग्रजीत असतील तर इंग्रजीतच. आपण सभ्य करून लिहिलं तर त्यातला दंश जातो. कुठल्या मोठ्या माणसाला सांगितलं आणि ते काय म्हणाले, हे सर्वांत महत्त्वाचं. माझी सगळी तक्रार शेवटी याच एका ओळीवर उभी राहिली, कारण चिऊने जेवणाच्या सुट्टीतल्या देखरेखीच्या बाईंना दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा "टेलिंग टेल्स", म्हणजे चुगल्या, करू नकोस असं ऐकून परत आली होती.

त्याखाली परिणाम लिहायचा. पोट दुखतं म्हणून शाळा बुडवली, अंथरूण ओलं झालं, कार्डिगन काढेना, जे असेल ते. हातावर वळ असतील तर फोटो. व्हॉट्सॲपवर किंवा गेममध्ये काही लिहिलं असेल तर स्क्रीनशॉट, त्यात नाव आणि वेळ दिसली पाहिजे, आणि मूळ संदेश पुसायचा नाही. डॉक्टरकडे, म्हणजे आपल्या जीपीकडे गेलात, तर कारण स्पष्ट सांगा. तिथेही नोंद होते.

शाळेचेच कागद शाळेच्या आधी वाचा

शाळेच्या वेबसाइटवर वागणुकीचं धोरण आणि तक्रारीची पद्धत दिलेली असते. बुलिंगविरोधी धोरण कधी वेगळं असतं, कधी वागणुकीच्या धोरणातच. एका संध्याकाळी चहा घेऊन बसा आणि हे वाचून काढा. मी छापून पिवळ्या पेनाने रेघा मारल्या. शाळेने स्वतः लिहिलेलं वाक्य शाळेला वाचून दाखवण्यात जी ताकद आहे ती कलमांत नाही.

तरी कलमं माहीत असावीत. २००६ च्या एज्युकेशन अँड इन्स्पेक्शन्स ॲक्टच्या ८९ व्या कलमानुसार काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या शाळेच्या हेडटीचरने सर्व प्रकारच्या बुलिंगला आळा घालणारे उपाय ठरवलेच पाहिजेत. त्याच कलमात शाळेच्या आवाराबाहेरच्या वागणुकीवरही वाजवी मर्यादेत कारवाईची मुभा आहे. म्हणून "हे घरी जाताना झालं, आमचा संबंध नाही" हे उत्तर पुरेसं नाही. अकॅडमी शाळांना, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या पण काउन्सिलऐवजी ट्रस्टच्या हाती असलेल्या शाळांना, वेगळे नियम लागतात, २०१४ चे, पण बुलिंगविरोधी धोरण आखून अमलात आणणं त्यांनाही बंधनकारक आहे. आपली शाळा यातली कुठली, ते वेबसाइटच्या तळाशी कळतं. ट्रस्टचं नाव दिसलं की बहुधा अकॅडमी.

इक्वालिटी ॲक्ट २०१० बद्दल एक गैरसमज आहे. आपल्याला वाटतं, त्या पोराने कायदा मोडला. तसं नाही. एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला काय म्हटलं हे त्या कायद्याच्या कक्षेत थेट येत नाही. शाळा काय करते ते येतं. बाकीचं बुलिंग शाळा गांभीर्याने घेते आणि रंगावरून झालेलं मात्र हसण्यावारी नेते, असं दिसलं तर तो शाळेने केलेला भेदभाव ठरू शकतो. त्या कायद्यात वंश या शब्दाखाली रंग, राष्ट्रीयत्व आणि वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ हे सगळं येतं. वांशिक म्हणजे काय, हेसुद्धा इथे एका शाळेच्याच प्रकरणात ठरलं. बर्मिंगहॅमच्या एका खाजगी शाळेने पगडी घालणाऱ्या शीख मुलाला प्रवेश नाकारला, वडील शेवटपर्यंत लढले आणि १९८३ मध्ये तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने शीख हा वांशिक समूह असल्याचा निकाल दिला.

आणि एक नाव लक्षात ठेवा, स्टीफन लॉरेन्स. १८ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. २२ एप्रिल १९९३ च्या रात्री लंडनच्या एल्टम भागात, बसची वाट बघत असताना गोऱ्या टोळक्याने त्याला भोसकून मारलं. पोलिसांनी तपासाचं भिजत घोंगडं ठेवलं, पण त्याची आई डोरीन आणि वडील नेव्हिल यांनी पाठपुरावा सोडला नाही. १९९९ मध्ये या प्रकरणाच्या चौकशीचा मॅकफर्सन अहवाल आला. जिला त्रास झाला तिला किंवा इतर कुणालाही जी घटना वंशभेदी वाटते ती वंशभेदी घटना, ही व्याख्या त्या अहवालाने दिली आणि शाळांनी अशा घटनांची नोंद ठेवावी अशीही शिफारस केली. हेतू काय होता हा प्रश्न नंतरचा, आधी नोंद. आज प्रत्येक शाळेने अशी घटना काउन्सिलला कळवावी अशी कायदेशीर सक्ती इंग्लंडमध्ये नाही, म्हणूनच नोंद आपण मागून घ्यावी लागते.

मेल, आणि पोच

माझे वडील पंचायत समितीतून निवृत्त झाले. मी फोनवर अर्धा तास रडून सगळं सांगितलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "अर्ज दिलास का? पोच घेतलीस?" मला तेव्हा राग आला होता. पण इंग्लंड असो की पंचायत समिती, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. फाटकावर सव्वातीनला शिक्षिकेला सांगितलेलं तर पाऊस आला तरी वाहून जातं.

पहिला मेल वर्गशिक्षिकेला, प्रत हेडटीचरना. प्रसंग गंभीर असेल किंवा वारंवार होत असेल तर डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीडनाही, म्हणजे शाळेत मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीलाही, प्रत पाठवा. प्रत्येक शाळेत ही व्यक्ती असावीच लागते आणि सरकारच्या बालसुरक्षेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पूर्वग्रहातून होणारं बुलिंग स्पष्टपणे धरलेलं आहे. मेल इंग्रजीत, साधा आणि एका पानात.

विषयाच्या ओळीत मुलाचं नाव, वर्ग आणि "रेसिस्ट इन्सिडंट" हे दोन शब्द. इथे बरेच जण कचरतात. "मोठा शब्द आहे, उगाच वाईटपणा कशाला, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला." मीसुद्धा पहिल्या मसुद्यात "अनकाइंड रिमार्क्स" असं लिहिलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातलाच प्रकार. तुम्ही "अनकाइंड" लिहिलंत की शाळा त्याच खणात ते ठेवून देते, आणि तो खण कुणी उघडत नाही. त्या पोराला रेसिस्ट म्हणू नका. घटनेला म्हणा.

पहिल्या परिच्छेदात काय, कधी, कुठे घडलं ते मुलाच्या शब्दांत, अवतरणचिन्हांत. दुसऱ्यात परिणाम, दोन ओळी. तिसऱ्यात, ही घटना मी वंशभेदी समजते आणि तिची तशीच नोंद व्हावी. चौथ्यात प्रश्न : चौकशी कोण करणार, कधीपर्यंत, आणि उद्या सकाळपासून माझी मुलगी सुरक्षित राहावी म्हणून मैदानात काय बदल होणार? शेवटी, शाळेच्या पाच दिवसांत लेखी उत्तर मिळावं आणि भेटीची वेळ मिळावी. "त्याला शाळेतून काढा" असं लिहू नका. शिक्षा काय द्यायची ते शाळाच ठरवते, ती मागणी लिहिली की सगळी चर्चा तुमच्या मागणीवर जाते आणि घटना बाजूला राहते.

रात्री लिहा, सकाळी वाचा, मग पाठवा. माझ्या रात्रीच्या मसुद्यात सहा उद्गारचिन्हं होती. मेल मिळाल्याचं उत्तर दोन दिवसांत नाही आलं तर ऑफिसात फोन करून विचारा, फोन कुणी घेतला ते वहीत लिहा. हीच आपली पोच.

भेट, आणि शाळेची भाषा

भेटीला एकटीने जाऊ नका. नवरा, मैत्रीण, कुणीही, पण एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. इंग्रजी बोलताना अडखळायला होत असेल तर दुभाषा मिळेल का हे आधी मेलवर विचारा. मुलालाच दुभाषा करून नेऊ नका, आपलाच अपमान त्याला भाषांतर करून सांगावा लागतो.

इथली शाळा उद्धटपणे बोलत नाही. चहा देतात, मान हलवतात, आणि आपण बाहेर पडतो तेव्हा हातात काहीच नसतं. म्हणून काही ठरावीक वाक्यं ओळखायला शिका. "हा फ्रेंडशिप इश्यू आहे" हे पहिलं. याचा अर्थ, दोघांचंही थोडं चुकलं असं आम्ही ठरवलंय. शांतपणे विचारावं, "मैत्री होती का त्यांच्यात? दोघांनी एकीच्या हातावर रबर घासणं यात तिचा वाटा कोणता?" दुसरं, "तो अवघा आठ वर्षांचा आहे, त्याला अर्थ कळत नाही." खरं असेल, मग शिकवा त्याला, शाळाच आहे ही. माझी मुलगीही आठच वर्षांची आहे आणि तिला अर्थ कळलाय. तिसरं, "तिने थोडी रेझिलियन्स वाढवायला हवी." म्हणजे आपल्या भाषेत, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायला शिकवा. त्यावर मी काही बोलले नाही, नुसतं म्हटलं, "हे वाक्य मी लिहून घेते." समोरच्या बाईंनी लगेच ते मागे घेतलं. चौथं वाक्य बहुतेक "आमच्या शाळेत असं होत नाही" असतं. ते हवेत राहू द्या. आणि "वुई टेक इट व्हेरी सीरियसली" म्हणाल्या तर, ठीक, म्हणजे नेमकं काय करणार, कधी?

विचारायचंच असं : ही नोंद कुठे झाली? बऱ्याच शाळा सीपॉम्स नावाच्या संगणक प्रणालीवर मुलांच्या सुरक्षेविषयीच्या नोंदी ठेवतात. तिथे ती वंशभेदी म्हणून लिहिली की नुसती भांडण म्हणून? जेवणाच्या सुट्टीतल्या कर्मचाऱ्यांना कुणी सांगितलं? मुलीने काही झालं तर कुणाकडे जायचं, आणि ती व्यक्ती त्या दिवशी रजेवर असेल तर? पुढची भेट कधी?

त्या मुलाला काय शिक्षा झाली हे सांगणार नाहीत. त्याचीही माहिती खाजगी असते, ते मान्य करा. आपल्या मुलीसाठी काय केलं हे मात्र सांगावंच लागतं. आणि तिलाच दुसऱ्या टेबलावर बसवणं, सुट्टीत लायब्ररीत ठेवणं असले उपाय सुचवले तर नाही म्हणा. त्रास झालेल्या पोरीने मैदान का सोडायचं?

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी मेल करा, "आजच्या भेटीत असं ठरलं, असं मी समजते," आणि मुद्दे. चूक असेल तर कळवावं. बहुतेक वेळा कुणी कळवत नाही, मग तेच इतिवृत्त.

या काळात काय करू नये

त्या पोराच्या आईला फाटकावर गाठू नका. मराठी मंडळाच्या आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरांची नावं टाकू नका. एका ओळखीच्या बाईंनी टाकली, आणि चौकशी त्यांचीच झाली.

चिडून मुलाला घरी बसवू नका. ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमांनुसार विनापरवानगी गैरहजेरीची दहा सत्रं, म्हणजे पाच पूर्ण दिवस, दहा शालेय आठवड्यांत भरली की दंडाचा विचार होतो. दंड प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. मूल खरंच जाऊ शकत नसेल तर जीपीला दाखवा आणि कारण शाळेला लेखी कळवा.

मुलाला आपल्याशी बोलता येत नसेल तर त्याच्यासाठी चाइल्डलाइन ही मुलांची हेल्पलाइन आहे, ०८०० ११११, फोन फुकट आहे. चिऊने फोन केला नाही, पण नंबर फ्रिजवर लावल्याचं तिला आवडलं होतं.

मारहाण, धमकी, अंगावर थुंकणं असं काही असेल तर पोलिसांना १०१ वर कळवता येतं आणि त्या क्षणी धोका असेल तर ९९९. इंग्लंडमध्ये दहा वर्षांखालच्या मुलावर गुन्हा दाखल होत नाही, पण माहिती घेतली जाते. मोठा माणूस बोलला असेल, फाटकावरचा एखादा पालक किंवा शाळेचाच कर्मचारी, तर तो विषय वेगळा आणि जास्त गंभीर. तो वर्गशिक्षिकेकडे न नेता थेट हेडकडे न्यायचा.

थांबलं नाही तर

आमच्याकडे जुलैत थांबलं. सप्टेंबरमध्ये चिऊ वरच्या वर्गात गेली, शिक्षिका बदलली आणि पहिल्याच आठवड्यात परत सुरू. नव्या बाईंना कुणी काही सांगितलंच नव्हतं. हा खड्डा प्रत्येक शाळेत असतो, म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मेल करून विचारा की पुढच्या शिक्षिकेला नोंद दिली का. सहावीनंतर शाळाच बदलते, तेव्हा तर दोन्ही शाळांना विचारा.

आता औपचारिक तक्रार. शाळेच्या तक्रार पद्धतीत पायऱ्या लिहिलेल्या असतात. ढोबळमानाने आधी अनौपचारिक, मग हेडटीचरकडे लेखी, मग गव्हर्नरांच्या, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळाच्या समितीपुढे. अकॅडमीच्या समितीत शाळेच्या कारभाराशी संबंध नसलेला एक तरी सदस्य असावा लागतो आणि पालकाला सोबत कुणाला तरी नेता येतं. बऱ्याच शाळा घटनेपासून तीन महिन्यांची मुदत घालतात, ती चुकवू नका. शाळेच्या सगळ्या पायऱ्या संपल्यावर शिक्षण खात्याकडे जाता येतं. ते घटनेची नव्याने चौकशी करत नाही, शाळेने पद्धत नीट पाळली का ते बघतं. शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडला कळवता येतं, पण तेही एकेका मुलाचं प्रकरण सोडवत नाही.

तक्रारीच्या आधी एक काम करा. शाळेकडे आपल्या मुलाविषयी जे जे लिहिलेलं आहे ते मागवा. याला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, साधा मेल पुरतो, पैसे लागत नाहीत, आणि साधारण एका महिन्यात द्यावं लागतं. इतर मुलांची नावं खोडून देतील. आमच्या कागदांत जूनमधल्या खोडरबराची नोंद "मुलांमधला किरकोळ वाद" अशी होती आणि देखरेखीच्या बाईंना दोनदा सांगितल्याची नोंदच नव्हती. माझी वही आणि त्यांचे कागद शेजारी ठेवले, दोन स्तंभांत तारखा मांडल्या आणि तेवढंच पान तक्रारीला जोडलं. हेडटीचरचं लेखी उत्तर ऑक्टोबरात आलं. नोंद चुकीची झाली, कर्मचाऱ्यांनी कळवायला हवं होतं, मैदानावरच्या सर्वांना पुन्हा प्रशिक्षण देऊ, असं लिहिलं होतं आणि चिऊच्या नावाने वेगळं माफीचं पत्र होतं. पुढच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत.

ज्यांना चढाव्या लागतील त्यांच्यासाठी : शाळेने वंशावरून भेदभाव केल्याचा दावा काउंटी कोर्टात जातो आणि मुदत सहा महिन्यांची असते, भेदभाव झाला त्या दिवसापासून. तक्रारीच्या पायऱ्या चालू आहेत म्हणून ती आपोआप थांबत नाही. त्याआधी इक्वालिटी ॲडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिसला विचारा, सल्ला फुकट मिळतो.

आणि आपलंच पोर बोललं असेल तर

हा फोन कुणालाही येऊ शकतो. लंडनच्या ज्या भागांत वर्गात निम्मी मुलं आपल्याकडची असतात तिथे सावळ्या तमिळ मुलीला गुजराती किंवा मराठी पोरांनी चिडवल्याचे प्रसंग मी ऐकलेत, सोमाली मुलांच्या केसांना हात लावून हसल्याचेही. आपलेच दात, आपलेच ओठ. शाळेचा फोन आला तर "आम्हीच ब्राऊन, आम्ही कसे रेसिस्ट?" हे वाक्य गिळून टाका. मुलाने नेमकं काय म्हटलं ते ऐका आणि ते कुठून शिकलं याचा शोध टीव्हीआधी जेवणाच्या टेबलावर घ्या. माफी मुलाने स्वतः मागावी, आपण मागायला लावलेली नको. म्हणजे थोडा वेळ लागला तरी चालेल.

अण्णांना हेडटीचरचं पत्र फोनवर वाचून दाखवलं, मराठीत सांगत सांगत. त्यांनी जावक क्रमांक विचारला. नाही म्हटल्यावर नाराज झाले.

कार्डिगन त्याच महिन्यात हरवला. मैदानात कुठेतरी काढून टाकला म्हणे, पळताना गरम होत होतं. लॉस्ट प्रॉपर्टीच्या खोक्यात दोनदा शोधला, कॉलरला नावाची पट्टी शिवली होती तरी सापडला नाही.